अफवा, घोषणा आणि हातात आलेला कॅमेरा

दसरा-दिवाळीच्या सुमारास कॅमेऱ्याच्या कुठल्याही दुकानात उभे राहा, एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "आत्ता घेऊ, की नवीन मॉडेल येतंय म्हणतात, तोवर थांबू?" विचारणारा कधी लग्नाची कामे घेणारा असतो, कधी भिगवणला पक्ष्यांसाठी जाणारा, तर कधी पहिल्याच कॅमेऱ्यासाठी पैसे साठवलेला विद्यार्थी. तिघांनीही कुठे ना कुठे वाचलेले असते की अमुक कंपनीचा कॅमेरा दोन महिन्यांत येतो आहे, त्यात इतके मेगापिक्सेल आहेत आणि तो सेकंदाला इतक्या फ्रेम काढतो.

अशा बातम्या म्हणजे निव्वळ थापा नसतात. कॅमेऱ्यांविषयी आधी फुटलेली माहिती पुष्कळदा खरी निघते, पण ती आकड्यांपुरती. मेगापिक्सेल, फ्रेम, वजन, तारीख असे जे जे मोजता येते ते फुटते. कॅमेरा किती तापतो, फोकस कुठे दगा देतो, बिघडला तर दुरुस्त कोण करतो आणि आपल्याकडे तो केवढ्याला पडतो, यातले काहीच फुटत नाही. एवढा फरक ध्यानात ठेवला तर अफवेला झिडकारायचेही कारण नाही आणि तिच्यामागे धावायचेही नाही.

## अफवांना इतके मोल का आले

जपानमधली ‘सीपा’ ही कॅमेरा उत्पादकांची संघटना सदस्य कंपन्यांनी किती कॅमेरे बाजारात पाठवले याचे आकडे दर महिन्याला जाहीर करते. २०१०मध्ये वर्षभराचा आकडा सुमारे १२ कोटी १५ लाख होता. २०२३मध्ये तो ७७ लाखांच्या आसपास आला. खिशात मावणारा स्वस्त कॅमेरा मोबाइलने खाल्ला. उरला तो हौशी आणि व्यावसायिक ग्राहक. मग कंपन्यांनी मॉडेल कमी केली, किमती चढवल्या आणि एका मॉडेलनंतर दुसरे आणायला जास्त वेळ घ्यायला सुरुवात केली. लाखाच्या पुढची बॉडी घेणाऱ्याला ती पुढची तीन-चार वर्षे वापरायची असते. त्यामुळे खरेदीची वेळ चुकली तर ते मनाला लागते.

दुसरे कारण म्हणजे वेळापत्रक मोडले. जर्मनीतल्या कोलोन शहरात १९५०पासून ‘फोटोकिना’ हे मोठे प्रदर्शन भरत असे. बऱ्याच कंपन्या आपली नवी चीजवस्तू तिथे मांडायच्या, त्यामुळे काय येणार याचा अंदाज आधीच बांधता येई. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आयोजकांनी ते बेमुदत थांबवले. योकोहामाचे ‘सीपी प्लस’ दर फेब्रुवारीत अजून भरते, पण आता कंपनी वर्षातल्या कुठल्याही मंगळवारी-बुधवारी व्हिडिओ टाकून मोकळी होते. ठरलेली तारीख गेली आणि तिची जागा अंदाजांनी घेतली.

## बातमी फुटते कुठून

पहिली वाट सरकारी नोंदणीची. आजच्या जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ असते. लहरी सोडणारे उपकरण विकायचे तर त्या त्या देशाच्या यंत्रणेची मान्यता लागते. अमेरिकेत ती एफसीसी देते. भारतात दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची ईटीए घ्यावी लागते. फोटो आणि माहितीपुस्तिका काही काळ गोपनीय ठेवता येतात, पण नोंदणी झाल्याचे लपत नाही. तिथे मॉडेलचे नाव नसते, फक्त अक्षर-आकड्यांचा संकेतांक असतो. तरीही वाय-फाय कोणत्या पट्ट्यात चालते, बॅटरी कोणती, यावरून कॅमेरा वरच्या श्रेणीतला की खालच्या, एवढा तर्क लढवता येतो. ही बातमी सर्वांत भरवशाची. कॅमेरा तयार आहे एवढे ती नक्की सांगते, त्यापुढचे काही नाही.

दुसरी वाट पेटंटची. अर्ज केल्यावर साधारण अठरा महिन्यांनी तो सर्वांना पाहायला खुला होतो. कॅनन, निकॉन, सोनी यांचे लेन्सच्या रचनांचे अर्ज सतत प्रसिद्ध होत असतात आणि त्यातली आकृती पाहून "अमुक लेन्स येणार" अशी हाकाटी होते. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक रचना दुकानापर्यंत पोचत नाहीत. आपली कल्पना दुसऱ्याने वापरू नये म्हणून कंपनी ती राखून ठेवते. पेटंटवरून अभियंते कशाचा विचार करत होते ते कळते. मालक काय विकणार हे त्यावरून कळत नाही.

तिसरी वाट व्यापाराची. मोठ्या दुकानांना विक्रीचे पान आधी तयार ठेवावे लागते. कॅमेऱ्याला बसणारी प्लेट, केज, पिशवी बनवणाऱ्यांना मापे आधी हवी असतात. चाचणीसाठी ज्यांच्याकडे कॅमेरा आधी जातो ते ठरलेल्या तारखेपर्यंत तोंड न उघडण्याचा करार करतात. एवढ्या हातांतून वस्तू गेल्यावर कुठेतरी एखादे पान चुकून वेळेआधी उघडते. घोषणेच्या आधीच्या आठवड्यात जे स्वच्छ, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो फिरू लागतात ते बहुधा याच वाटेने आलेले असतात आणि ते खोटे निघण्याचे प्रसंग कमीच.

चौथी वाट खुद्द कंपनीची. तिच्याकडे पुढे वळू.

## ऑलिम्पिकमध्ये उघडे पडलेले गुपित

कॅननने २०२१च्या एप्रिलमध्ये ईओएस आर३ हा कॅमेरा ‘विकसित होत आहे’ असे जाहीर केले. सेकंदाला ३० फ्रेम, डोळ्याने फोकसचा बिंदू निवडण्याची सोय, असे बरेच काही सांगितले, पण मेगापिक्सेल किती हे सांगितले नाही. तर्क सुरू झाले. तीसच्या आसपास असतील, त्याहून जास्तच असतील, असे छातीठोकपणे सांगितले जाऊ लागले.

तेवढ्यात टोकियो ऑलिम्पिक आले. काही निवडक छायाचित्रकारांच्या हातात हा कॅमेरा चाचणीसाठी दिलेला होता. त्यांपैकी एकाने तिथे काढलेले फोटो सर्वांसाठी टाकले आणि फाइलसोबत तिची एक्झिफ माहितीही गेली. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात ही नोंद असते: कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, शटर किती, आयएसओ किती, चित्राची लांबी-रुंदी किती. इथे लांबी होती ६००० आणि रुंदी ४०००. गुणाकार केला की २ कोटी ४० लाख, म्हणजे २४ मेगापिक्सेल. सप्टेंबरमध्ये कॅमेरा अधिकृतपणे आला तेव्हा आकडा २४.१ निघाला.

अफवा तपासायची ती अशी. "सूत्रांकडून समजते" या शब्दांना किंमत नाही. मागे एखादी फाइल, नोंदणी किंवा दुकानाचे पान आहे का, ते बघायचे. आहे, तर ऐकायचे. नसेल, तर चार जणांनी तेच सांगितले तरी ते बहुधा एकाचेच चौघांनी उचललेले असते.

पण याच गोष्टीचा पुढचा भाग जास्त बोलका आहे. २४ हा आकडा फुटल्यावर अनेकांनी नाके मुरडली: एवढ्या महाग कॅमेऱ्यात एवढेच? मैदानावर काम करणाऱ्यांना मात्र त्याचे वाईट वाटले नाही. त्यांना सामना चालू असताना शेकडो फोटो मिनिटामिनिटाला कार्यालयात पाठवायचे असतात आणि फाइल लहान असणे त्यांच्या सोयीचे असते. तो एकच आकडा दोन ग्राहकांना दोन अर्थ सांगत होता.

## खरी ठरूनही अपुरी पडलेली अफवा

२०२०च्या सुरुवातीला कॅननच्याच आर५विषयी माहिती फुटली: ४५ मेगापिक्सेल, ८के व्हिडिओ, बॉडीतच स्थिरीकरण. जाणकारांनी ती हसण्यावारी नेली. कॅनन आधीच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओबाबत हात आखडता घेत आली होती. ती एकदम ८के कशी देईल? कंपनीने फेब्रुवारीत विकासाची घोषणा केली, तेव्हाही ते ८के फक्त टाइमलॅप्सपुरते असेल असे म्हणणारे होते. पुढे कंपनीनेच सेन्सरच्या पूर्ण रुंदीचे ८के मिळणार असल्याचे स्पष्ट केले आणि ९ जुलै २०२०ला कॅमेरा जाहीर झाला. अफवा अक्षरशः खरी ठरली.

तिच्यात एक गोष्ट नव्हती: उष्णता. बॉडीत पंखा नव्हता. कॅननने स्वतः दिलेल्या मर्यादेनुसार २३ अंश तापमानात ८के चित्रण सुमारे २० मिनिटे चालणार होते आणि ४केमध्ये सेकंदाला १२० फ्रेम घेतल्या तर सुमारे १५ मिनिटे. त्यानंतर कॅमेरा थंड होईपर्यंत थांबायचे. आता हा २३ अंशांचा आकडा आपल्याकडे आणून पाहा. नागपुरात मे महिन्यात दुपारच्या मुहूर्ताचे लग्न, मांडवात पत्र्याखाली उभा कॅमेरामन; तिथे २३ अंश एसीच्या खोलीत मिळतील, मांडवात नाहीत. ऑगस्टमध्ये फर्मवेअर सुधारून थोडा दिलासा देण्यात आला. २०२४च्या जुलैमध्ये आर५ मार्क टू आला, तेव्हा पंखा असलेली वेगळी ग्रिपही कंपनीने विकायला ठेवली.

फोटो काढणाऱ्यांसाठी आर५ पहिल्या दिवसापासून उत्तम कॅमेरा होता. ज्यांनी तो फुटलेल्या आकड्यावर, लांबलचक ८के चित्रणासाठी घ्यायचे ठरवले होते, त्यांचीच पंचाईत झाली.

## सहा वर्षे वाट पाहायला लावणारा डी४००

निकॉनने २००७मध्ये डी३०० आणि २००९च्या जुलैत डी३००एस आणला. लहान सेन्सरचा, पण मजबूत आणि वेगवान असा हा कॅमेरा पक्षी-प्राण्यांचे फोटो काढणाऱ्यांचा लाडका होता. लहान सेन्सरमुळे लांबच्या पक्ष्याला जास्त जवळ आणल्यासारखे होते. पुढचा कॅमेरा डी४०० असणार हे इतके उघड वाटत होते की दरवर्षी त्याची बातमी यायची. २०११ला आली, २०१२ला आली, २०१३ला आली. डी७०००, डी७१००, डी७२०० येऊन गेले. डी४०० नावाचा कॅमेरा आलाच नाही.

५ जानेवारी २०१६ला, लोकांनी आशा सोडल्यावर, निकॉनने डी५ बरोबर डी५०० जाहीर केला. २०.९ मेगापिक्सेल, सेकंदाला १० फ्रेम. लोकांना हवा होता तोच कॅमेरा, फक्त नाव वेगळे आणि उशीर साडेसहा वर्षांचा. कंपनी काय करेल हा तर्क बरोबर होता, कधी करेल हा साफ चुकला. कॅननच्या ७डी मार्क थ्रीचीही अशीच वाट पाहिली गेली. तो आला नाही. २०२२च्या मेमध्ये त्याच ग्राहकासाठी मिररलेस आर७ आला.

ज्यांनी २०११पासून डी४००साठी खरेदी थांबवली त्यांचे पाच हिवाळे गेले. भिगवणला पाच हिवाळे रोहित पक्षी येऊन परत गेले.

## घोषणा म्हणजे वस्तू नव्हे

अफवा बाजूला ठेवा. कंपनीने स्वतः केलेली घोषणाही पूर्ण होईलच असे नाही. २३ फेब्रुवारी २०१६ला निकॉनने ‘डीएल’ मालिकेतले तीन छोटे कॅमेरे नाव, लेन्स आणि किमतीसह जाहीर केले. चित्रावर प्रक्रिया करणाऱ्या चिपमध्ये अडचण निघाली आणि विक्री लांबली. जवळजवळ एका वर्षाने, १३ फेब्रुवारी २०१७ला, कंपनीने तिन्ही कॅमेरे रद्द केले. विकासाचा खर्च वाढला, अपेक्षित विक्री घटली, परवडत नाही, असे तिने स्पष्टच सांगितले.

सिग्माने २०१८मध्ये फुल-फ्रेम फोव्हिऑन सेन्सरचा कॅमेरा आणणार असे सांगितले. सेन्सरने त्रास दिला, काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले. २०२५मध्ये सिग्माचा ‘बीएफ’ आला, पण त्यात फोव्हिऑन नव्हता.

कधी कारण कारखान्याबाहेरचे असते. २०११मध्ये मार्चच्या भूकंपात निकॉनच्या सेंदाईच्या कारखान्याला आणि ऑक्टोबरच्या पुरात थायलंडमधल्या अयुथयाच्या कारखान्याला फटका बसला. २०१६च्या एप्रिलमध्ये कुमामोतोच्या भूकंपाने सोनीचा सेन्सर कारखाना थांबवला. सोनीचे सेन्सर इतर कंपन्याही वापरतात, त्यामुळे एका जागेचा धक्का अनेकांच्या वेळापत्रकाला बसला.

आणि कधी वस्तू येते, पण मिळत नाही. फुजीफिल्मचा एक्स१००सिक्स २० फेब्रुवारी २०२४ला जाहीर झाला आणि मागणी इतकी उसळली की नाव नोंदवूनही लोक महिनोन्‌महिने थांबले.

## कंपनी आधीच का सांगते

‘विकास चालू आहे’ अशी घोषणा कंपनी बोलण्याच्या भरात करत नाही. २६ जानेवारी २०२१ला सोनीने आपला ए१ बाहेर काढला: ५० मेगापिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम. १० मार्चला निकॉनने सांगितले की आमचा झेड९ तयार होतो आहे. प्रत्यक्ष कॅमेरा जाहीर व्हायला २८ ऑक्टोबर उजाडला. मधल्या सात-आठ महिन्यांत लाखोंच्या निकॉन लेन्स बाळगणाऱ्या व्यावसायिकाने त्या विकून सोनीकडे जाऊ नये, एवढे काम त्या घोषणेने केले. आर३, आर५ आणि २०२४च्या मेमध्ये जाहीर झालेला आर१, सगळ्यांची चाल हीच.

यात गैर काही नाही, पण वाचणाऱ्याने ओळखावे. ज्या घोषणेत तारीख आणि किंमत नसते ती गिऱ्हाईक धरून ठेवण्यासाठी असते. तुमच्याकडे त्याच माउंटच्या लेन्स असतील तर ती तुमच्या कामाची आहे. तुम्ही कोऱ्या पाटीने सुरुवात करत असाल तर नाही.

## तपशीलपत्र कसे वाचावे

कॅमेऱ्याचे तपशीलपत्र म्हणजे स्थळाचा बायोडेटा: लिहिलेले खोटे नसते, पण त्यावरून माणूस कळत नाही. दोन-चार शब्दांवर बोट ठेवून वाचले तर निम्मे कोडे सुटते.

‘पर्यंत’ हा पहिला शब्द. सेकंदाला ३० फ्रेम‘पर्यंत’ म्हणजे बहुधा इलेक्ट्रॉनिक शटरवर, ठरावीक लेन्स लावून, कधी फाइलचा दर्जा उतरवून. शिवाय किती सेकंद, हे बफर आणि कार्ड ठरवतात.

स्थिरीकरण ‘८ स्टॉप’ असे लिहिलेले असते. ते सीपाच्या पद्धतीने, यंत्रावर कॅमेरा हलवून मोजलेले असते. हाताचा कंप त्याने आटोक्यात येतो. हळदीला नाचणारी मंडळी त्याने स्थिर होत नाहीत. त्यांच्यासाठी शटरच वाढवावे लागते.

बॅटरीवर किती फोटो, हा आकडाही सीपाच्या ठरलेल्या पद्धतीचा आहे. सलग फटाफट काढणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त फोटो मिळतात. व्हिडिओ करणाऱ्याला मात्र तो आकडा काहीच सांगत नाही.

सेन्सर ‘स्टॅक्ड’ आहे का, हे जरूर पाहावे. साधा सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचला जातो. त्याला जितका वेळ लागेल तितके इलेक्ट्रॉनिक शटरवर धावते चाक किंवा फिरती बॅट वाकडी दिसते, आणि मंगल कार्यालयातल्या एलईडी पडद्यावर आडवे पट्टे उमटतात. स्टॅक्ड सेन्सरच्या पाठीलाच मेमरी जोडलेली असते, म्हणून तो फार वेगाने वाचला जातो. फुल-फ्रेममध्ये तो प्रथम सोनीच्या २०१७च्या ए९मध्ये आला. निकॉनचा २०२४चा झेड६ थ्री मधल्या मार्गाचा: अंशतः स्टॅक्ड. सोनीचा २०२३चा ए९ थ्री सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचतो, त्याला ग्लोबल शटर म्हणतात. त्यात वाकडेपणाचा प्रश्नच उरत नाही. पण त्याचा सर्वांत कमी मूळ आयएसओ २५० आहे, १०० नाही. भर उन्हात उघड्या अॅपर्चरवर काम करणाऱ्याने हे पाहून ठेवावे. प्रत्येक मोठ्या आकड्याच्या बदल्यात कुठेतरी काहीतरी सोडलेले असते, आणि ते पत्राच्या शेवटच्या पानावर सापडते.

## सॉफ्टवेअरच्या बातमीची जात वेगळी

कॅमेरा घेतला की तो तुमचा. सॉफ्टवेअर विकत घेतल्यावरही बदलत राहते, म्हणून त्याच्या बातम्या खरेदीनंतर जास्त महत्त्वाच्या ठरतात.

लाइटरूमचेच पाहा. २००७मध्ये ते आले तेव्हा एकदा पैसे भरायचे आणि वापरायचे. २०१३मध्ये अॅडोबीने आपली बाकी सॉफ्टवेअर वर्गणीवर नेली, तेव्हा लाइटरूम मात्र एकरकमी परवान्यावरही मिळत राहील असे कंपनीच्या बाजूने सांगण्यात आले. २०१५ला लाइटरूम ६ आले. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले की एकरकमी मिळणारे हे शेवटचे. शब्द दिला गेला होता आणि चार वर्षांत फिरला.

इतरांच्याही कहाण्या आहेत. अॅपलने २०१४मध्ये अॅपर्चर या सॉफ्टवेअरचे काम थांबवले आणि हजारो फोटोंची मांडणी त्यात केलेल्यांना बाडबिस्तरा उचलावा लागला. गूगलने निक कलेक्शन २०१६मध्ये फुकट केले. पुढच्याच वर्षी ते डीएक्सओने घेतले आणि पुन्हा विकत झाले. अॅफिनिटी २०२४मध्ये कॅनव्हाने घेतले आणि २०२५च्या ऑक्टोबरअखेर फुकट केले. आज त्याचा जरूर फायदा घ्यावा, पण आपले सगळे काम फक्त त्याच्याच फाइलच्या प्रकारात अडकवून ठेवू नये.

चांगली बाजूही आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये अॅडोबीने एआयवर चालणारी ‘डीनॉइज’ सोय दिली. जुन्या कॅमेऱ्यावर आयएसओ ६४००ला काढलेला दाणेदार फोटो तिने असा सुधारतो की नव्या बॉडीची निकड कमी होते. फक्त खर्चाची जागा बदलते: चांगले ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकावर एकेका फोटोला मिनिटे लागतात. कधी फर्मवेअरही हेच काम करते. निकॉनने झेड९ला विनामूल्य अपडेटमधून आधी ८के ६० फ्रेमचे चित्रण आणि नंतर पक्षी ओळखणारा फोकस दिला. उलट सोनीने काही कॅमेऱ्यांत आपल्या मापाच्या ग्रिड-रेषा आखण्याची सोय सशुल्क परवान्यावर ठेवली. कॅमेऱ्यांतही वर्गणीची चाहूल लागली आहे.

‘फोटो खरा आहे’ याचा दाखला कॅमेऱ्यातच जोडण्याची सोय प्रथम लायकाच्या एम११-पीमध्ये २०२३ला आली. निकॉनने ती २०२५मध्ये झेड६ थ्रीला दिली आणि थोड्याच दिवसांत त्यात पळवाट सापडल्याने दिलेले दाखले रद्द करावे लागले. नवी सोय जाहीर होणे आणि तिच्यावर विसंबता येणे यात किती अंतर असते, ते इथे दिसते.

## रॉ फाइलचा पेच

नवा कॅमेरा घेणाऱ्याला सर्वांत अनपेक्षित धक्का बसतो तो संगणकासमोर. रॉ म्हणजे सेन्सरवरची कच्ची नोंद. प्रत्येक मॉडेलची रॉ थोडी वेगळी असते, आणि सॉफ्टवेअरला तिची ओळख आधी करून द्यावी लागते. लाइटरूम ६ला नव्या कॅमेऱ्यांची ओळख शेवटची मिळाली ती डिसेंबर २०१७मध्ये. २०१८मध्ये कॅननने सीआर३ हा नवा प्रकार सुरू केला. त्यामुळे जुन्या लाइटरूमवर समाधानी असलेल्या माणसाने नवी बॉडी आणली की त्याला त्या फाइल उघडतच नाहीत.

यावर फुकटचा उतारा आहे. अॅडोबीने २००४मध्ये डीएनजी हा खुला प्रकार आणला, आणि नव्या रॉ त्यात बदलून देणारा डीएनजी कन्व्हर्टर विनामूल्य मिळतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअरही मोफत आहेत. पण कॅमेरा बाजारात येताच त्याच आठवड्यात सगळीकडे सोय झालेली असते असे नाही. बॉडीचे पैसे मोजण्याआधी आपल्या सॉफ्टवेअरच्या कॅमेऱ्यांच्या यादीत तिचे नाव शोधावे. दोन मिनिटांचे काम आहे.

## किंमत, जीएसटी आणि वॉरंटी

फुटलेली किंमत जवळजवळ नेहमी डॉलरमध्ये असते. तिला रुपयांच्या दराने गुणून आपण गणित मांडतो आणि फसतो. अमेरिकेत जाहीर होणाऱ्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडच्या छापील किमतीत जीएसटी असतो. डिजिटल कॅमेऱ्यांवर तो पूर्वी २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९पासून १८ टक्के आहे. त्यात आयातीचा खर्च आणि कंपनीचे इथले धोरण मिळवा.

स्वस्तातला ‘ग्रे’ माल हा याच फरकावर जगतो. वस्तू खरी असते, पण कंपनीची भारतातली वॉरंटी तिला मिळत नाही. कामावरच्या माणसाला सेन्सर किंवा शटर बिघडल्यावर हा फरक कळतो. पक्के बिल आणि भारतीय वॉरंटी कार्ड, हे दोन कागद नसतील तर वाचलेले पैसे उधार घेतल्यासारखेच आहेत.

अफवेचा खरा फायदा आपल्याकडे एकच: जुन्या मॉडेलची किंमत. नवे येणार हे पक्के झाले की आधीच्या मॉडेलवर कॅशबॅक निघतात, सेकंड हँड बाजारात बॉड्या येतात. तिथे शटर काउंट पाहावा, सेन्सरवर एफ १६ला आकाशाचा फोटो काढून डाग तपासावेत आणि लेन्स खिडकीसमोर धरून आत बुरशी आहे का ते पाहावे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ही बुरशी अनेकदा असते.

## थांबायचे की घ्यायचे

सरसकट उत्तर नाही, पण क्रम आहे. आपल्याला नेमके काय अडते आहे, ते आधी एका वाक्यात लिहा. "कार्यालयातल्या अंधारात फोकस सुटतो" हे अडणे आहे. "माझा कॅमेरा जुना झाला" हे नाही. मग ते अडणे लेन्सने, फ्लॅशने, डीनॉइजने किंवा फर्मवेअरने सुटते का, ते पाहा. बॉडीनेच सुटणार असेल, तर सुटेल अशी बॉडी आज दुकानात आहे का, ते विचारा. असेल तर घ्या.

नसेल, आणि येणाऱ्या कॅमेऱ्याची नोंदणी झाल्याचे दिसत असेल, तर एक-दोन महिने थांबायला हरकत नाही. नुसत्या पेटंटवर किंवा ‘सूत्रांवर’ एक आठवडाही घालवू नका. कॅमेरा आल्यावरही पहिल्या फर्मवेअर अपडेटपर्यंत दम धरला, तर इतरांच्या पैशाने त्याचे दोष कळतात.

व्यावसायिकांसाठी एक पथ्य वेगळे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की नवी बॉडी, नवी आवृत्ती आणि नवे फर्मवेअर यांतले काहीही हंगामाच्या मध्यात कामावर आणू नये. घ्यायचेच असेल तर पावसाळ्यात घ्या, घरच्या कार्यक्रमात वापरून पाहा, रॉ उघडते का, कार्ड चालते का, किती तापतो, याची खात्री करा. ग्राहकाला तुमचा कॅमेरा कोणत्या महिन्यात बाजारात आला याच्याशी देणेघेणे नसते. अल्बम ठरल्या दिवशी मिळाला का, एवढेच तो पाहतो.